मरणाची किंमत : आधुनिक युद्धाच्या गेमवरील लेखसंग्रहाची प्रस्तावना

नगरच्या माणसाला रणगाडा चित्रात पाहून ओळखावा लागत नाही. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर आणि लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई ही संस्था, तिन्ही या शहराच्या अंगालाच आहेत. १९९४ मध्ये सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात शाळांच्या सहली जातात आणि पाकिस्तानकडून हस्तगत केलेल्या पॅटनपुढे उभी राहून मुले फोटो काढतात. के. के. रेंजवर तोफांचा सराव चालू असला की आसपासच्या गावांत घरांवरचे पत्रे थरथरतात. जिल्ह्याचे नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, तरी बोलण्यात अजून 'नगर'च आहे, आणि नगर म्हटले की साखर कारखान्यांच्या जोडीने मिलिटरी आठवते.

याच शहरातून मनमाड रस्त्याने निघून सीना ओलांडली की नागापूर लागते. एमआयडीसी आली आणि या गावाचे रूप पालटले. नागापूर, नवनागापूर, बोल्हेगाव या पट्ट्यात आता कारखान्यांतली कामगार मुले, पुढे विळद घाटातल्या इंजिनिअरिंग कॉलेजला जाणारी मुले, भरतीची तयारी करणारी मुले खोल्या करून राहतात. दुसरी पाळी सुटली, जेवणे झाली की या खोल्यांतून जे बोलणे ऐकू येते ते असे असते : 'झाडामागं एक आहे, एकशेवीसला', 'नॉक झालो, स्मोक टाक', 'झोन येतोय, गाडी काढ'. चौघांच्या स्क्वॉडमधला एक नागापुरात असतो, दुसरा चाकणला, तिसरा गावी बीडकडे. चौघांनी शाळा एकत्र केलेली असते, आणि आता एकत्र भेटण्याची जागा म्हणजे फोनच्या पडद्यावरचे एक बेट उरलेले असते. हे पुस्तक त्या बोलण्याविषयी आहे.

मराठीत या खेळांवर लिहिले जात नाही असे नाही, पण जे लिहिले जाते ते दोनच तऱ्हेचे असते. एक, मुलगा बिघडला, घर सोडून गेला, आईवडिलांच्या खात्यातले पैसे उडवले. दोन, अमुक संघाने इतक्या लाखांचे बक्षीस जिंकले. पहिल्या तऱ्हेत गेम म्हणजे रोग, दुसरीत लॉटरी. गेम म्हणजे नेमके काय, तो खेळणाऱ्याकडून काय करवून घेतो, युद्धाविषयी त्याला काय शिकवतो आणि काय दडवतो, हे प्रश्न दोन्हीकडे गैरहजर असतात. सिनेमावर लिहिताना आपण कथा, अभिनय, छायाचित्रण बघतो. तमाशावर, कुस्तीवर, अगदी पतंगबाजीवरही मराठीत जाणकारीने लिहिले गेले आहे. ज्या खेळात एका पिढीच्या रात्री चालल्या आहेत, त्याच्या वाट्याला मात्र जाणकारी आली नाही. ही उणीव मला मनापासून बोचते, आणि या संग्रहाचे काम हाती घेण्यामागे तेच कारण आहे.

नवख्या वाचकासाठी आधी सीमा आखून घेऊ. इथे ज्यांना युद्धाचे गेम म्हटले आहे, त्यांत खेळणारा एका सैनिकाच्या डोळ्यांतून किंवा त्याच्या खांद्यामागून जग पाहतो, हातात खऱ्या बंदुकीची नक्कल असते, काळ आजचा किंवा नजीकचा असतो, आणि समोरचा शत्रू बहुतेक वेळा इंटरनेटच्या दुसऱ्या टोकाला बसलेला जिवंत माणूस असतो. राक्षस मारणारे, अंतराळात लढणारे गेम या व्याख्येत बसत नाहीत. तरी गंमत अशी की सुरुवात तिथूनच होते. १९९३ चा 'डूम' हा राक्षस मारण्याचाच गेम. अमेरिकेच्या मरीन कोअरमधल्या काही जणांनी १९९६ मध्ये त्याच्या दुसऱ्या भागात फेरफार करून चार सैनिकांच्या तुकडीला समन्वय शिकवण्यासाठी 'मरीन डूम' तयार केला. राक्षसांच्या जागी शत्रुसैनिक आले. लष्कर आणि गेम यांची सोयरीक अशी जुनी आहे.

पुढची काही वर्षे फार घडामोडींची होती. १९९८ मध्ये 'रेनबो सिक्स' आला. त्यात एका गोळीत माणूस मरत असे आणि दार उघडण्याआधी आराखडा आखावा लागे. १९९९ मध्ये मिन ली आणि जेस क्लिफ या दोघा तरुणांनी 'हाफ-लाइफ' या गेमवर हौसेने 'काउंटर-स्ट्राइक' रचला, आणि पुढच्याच वर्षी व्हॉल्व्ह कंपनीने तो आपल्या नावाने बाजारात आणला. २००१ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या कंपनीने 'ऑपरेशन फ्लॅशपॉइंट' काढला. त्यातली बेटे किलोमीटरांत मोजावी लागत आणि शत्रू बहुतेक वेळा ठिपक्याएवढाच दिसे. २००२ मध्ये 'बॅटलफील्ड'ने रणगाडे, विमाने आणि पायदळ एकाच मैदानात उतरवले. २००७ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी ४ : मॉडर्न वॉरफेअर'ने दुसऱ्या महायुद्धाचा कंटाळा आलेल्या खेळाडूंना आजच्या युद्धात आणून सोडले आणि धंद्याची दिशाच बदलली. या दहा वर्षांत जे पायंडे पडले, त्यांच्यावर आजचे जवळजवळ सगळे गेम उभे आहेत.

या गेमच्या घराण्यांची ओळख करून देताना इंग्रजीत सहसा 'आर्केड' आणि 'सिम्युलेशन' अशी एक रेघ ओढतात. एका टोकाला सोपे आणि वेगवान, दुसऱ्या टोकाला अवघड आणि खरेखुरे. मला ही रेघ अपुरी वाटते. महाराष्ट्राच्या मातीत याहून नेमकी फूटपट्टी आहे, ती म्हणजे कबड्डी. जुन्या कबड्डीचे तीन प्रकार होते. अमर प्रकारात गडी बाद झाला तरी मैदान सोडत नसे, समोरच्याला फक्त गुण मिळे. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसे. संजीवनीत समोरचा एक गडी बाद केला की आपला एक जिवंत होऊन आत येई, आणि आजची कबड्डी त्याच नियमावर चालते. युद्धाच्या गेमचीही मुख्य घराणी हीच तीन आहेत. प्रत्येक गेमने मरणाची किंमत काय ठेवली आहे ते बघितले की त्याचे घराणे कळते, आणि खेळणारा त्यात कसा वागणार हेही कळते.

'कॉल ऑफ ड्यूटी'चा नेहमीचा सामना अमर प्रकारातला. मेलात की काही सेकंदांत पुन्हा उभे राहता. म्हणून तिथे कोणी जपून खेळत नाही. धावायचे, मारायचे, मरायचे, पुन्हा धावायचे. इथे बोटांचा वेग आणि नजरेची चपळाई लागते, आणि त्यातला आनंदही खोटा नाही. दिवसभर मशीनवर उभे राहून आलेल्या मुलाला पंधरा मिनिटांत डोके मोकळे करायचे असेल तर हाच प्रकार बरा.

'काउंटर-स्ट्राइक' म्हणजे गामिनी. फेरीत मेलात की बाकीचे खेळून संपेपर्यंत बघत बसायचे. एका बाजूने बॉम्ब लावायचा, दुसऱ्या बाजूने तो निकामी करायचा. बॉम्ब फुटायला चाळीस सेकंद असतात आणि त्या चाळीस सेकंदांत मैदानात एकटा उरलेला गडी आणि त्याच्याकडे डोळे लावून बसलेले त्याचे चार मेलेले साथीदार, यात जे नाट्य आहे त्यावर हा गेम पंचवीस वर्षे टिकून आहे. पुण्या-मुंबईच्या होस्टेलांत आणि सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून ज्यांनी १.६ ही आवृत्ती खेळली, ते आज चाळिशीत आहेत आणि त्यांना 'डस्ट टू'चा नकाशा अजून पाठ आहे. 'रेनबो सिक्स सीज' याच घराण्यातला, फक्त त्यात भिंतीही फोडता येतात.

संजीवनीचे घराणे सर्वांत मोठे आणि, माझ्या मते, सर्वांत माणुसकीचे. इथे जखमी गडी जमिनीवर पडतो आणि साथीदार जवळ आला तर उठतो. २०२० मध्ये पूर्ण स्वरूपात आलेल्या 'स्क्वॉड'मध्ये नऊ जणांपर्यंतची तुकडी असते, त्यात वैद्यक सैनिक असतो, आणि त्याच्याइतका भाव नेमबाजालाही नसतो. कोणीतरी ट्रकमधून दारूगोळा आणि बांधकामाचे सामान पुढच्या ठाण्यावर पोचवत असतो. सामनाभर एकही गोळी न झाडता ट्रक चालवणारे खेळाडू मी पाहिले आहेत, आणि सामना जिंकल्यावर सगळ्यांत आधी त्यांचे आभार मानले गेलेले ऐकले आहे. आपल्याकडच्या बीजीएमआयमधला (पीयूबीजी या गेमची भारतीय मोबाइल आवृत्ती) स्क्वॉडचा प्रकारही इथेच मोडतो. 'नॉक' झालेल्या मित्राला उचलायला गोळीबारात धावत जाणारा गडी आणि 'राहू दे रे, तू सुट' असे ओरडणारा पडलेला मित्र, हे दृश्य नागापूरच्या खोल्यांत रोज रात्री घडते.

या तिन्हींच्या पलीकडे एक चौथा, कबड्डीला ठाऊक नसलेला प्रकार आहे. त्यात मरणाची किंमत वेळेत किंवा मालमत्तेत मोजतात. बोहेमियाच्या 'आर्मा' मालिकेत अर्धा-पाऊण तास चालत, टेकड्या ओलांडत गेल्यावर कुठून आली ते न कळणारी एक गोळी लागते आणि सगळे संपते. 'एस्केप फ्रॉम टार्कोव्ह' या रशियन गेममध्ये मेलात की अंगावर घेतलेली बंदूक, चिलखत, पाठीवरची पिशवी सगळे जाते. असे गेम खेळणाऱ्याच्या हाताला खरोखर घाम फुटतो. म्हणूनच त्यांत लोक एकमेकांवर गोळी झाडण्याआधी थांबतात, आवाज ऐकतात, कधी कधी न लढताच निघून जातात. मरण महाग केले की माणूस शहाणा होतो, हे या गेमनी नियमांतून दाखवून दिले.

'वास्तव' हा शब्द या क्षेत्रात फार सैलपणे वापरतात. जाहिरातीत वास्तव म्हणजे बंदुकीवरचा ओरखडा, चिखलाचा रंग, काडतूस पडल्याचा आवाज. त्यापुढची पायरी गोळीच्या वाटेची. जुन्या गेममध्ये चाप ओढताक्षणी गोळी नेम धरला तिथे पोचलेली असे. 'आर्मा'सारख्या गेममध्ये गोळी अंतराप्रमाणे खाली झुकते, तिला पोचायला वेळ लागतो, आणि हौशी मंडळींनी केलेली जोडणी वापरली तर वाऱ्याचाही हिशेब ठेवावा लागतो. पीयूबीजी खेळून आपल्या मुलांनाही दूरच्या धावत्या माणसाच्या थोडे पुढे आणि वर नेम धरायला आपसूक कळते. पण हे सगळे वस्तूंचे वास्तव झाले. बंदूक खरी, गोळीची वाट खरी, आणि गोळी लागल्यावर जे होते ते खोटे, असा या धंद्याचा बहुतेक व्यवहार आहे.

नगरच्या वाचकाला हा फरक उलगडून सांगावा लागू नये. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी पेटलेला रणगाडा सोडायला नकार दिला, कारण त्याची तोफ अजून चालत होती. ते तिथेच पडले. वय २१. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्यांचा 'फामागुस्ता' नावाचा सेंच्युरियन रणगाडा आज नगरमध्ये चिलखती दलाच्या केंद्रात जतन केलेला आहे. एकविसाव्या वर्षी गेम खेळणाऱ्या मुलाला हे सांगून त्याला लाजवायचे, असा माझा हेतू नाही. खेळणारी मुले हे जाणतात. त्यांतले अनेक जण पहाटे उठून भरतीच्या १६०० मीटरसाठी धावतात, आणि कोणाचा चुलता तर कोणाचा भाऊ फौजेत आहे. त्यांना गेम आणि फौज यांत गल्लत होत नाही. गल्लत त्यांची होते ज्यांनी दोन्ही जवळून पाहिलेले नसते.

युद्धाच्या गेममध्ये सर्वांत कमी काय दिसते? लढाईनंतरचा दिवस. सामना संपतो, गुणफलक येतो, मैदान पुसून कोरे होते. खारेकर्जुने आणि रेंजच्या बाजूच्या इतर गावांना विचारा, मैदान असे कोरे होत नाही. न फुटलेल्या दारूगोळ्याचे भंगार गोळा करताना माणसे दगावल्याच्या बातम्या या जिल्ह्याने वाचल्या आहेत, आणि तो तर सरावाचा दारूगोळा होता, युद्धाचा नव्हे. म्हणून २०१७ मध्ये 'आर्मा ३'साठी निघालेली 'लॉज ऑफ वॉर' ही जोड मला या साऱ्या क्षेत्रातली सर्वांत मोलाची निर्मिती वाटते. बोहेमियाने ती आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीशी विचारविनिमय करून केली आणि त्या वर्षीच्या मिळकतीतला निम्मा वाटा त्या समितीला दिला. त्यात खेळणारा मुख्यतः सैनिक नसतो, लढाईनंतर एका ओसाड गावातले न फुटलेले बॉम्ब काढायला आलेला स्वयंसेवी संस्थेचा माणूस असतो. एकेक पाऊल जपून टाकत तो गाव पालथे घालतो आणि तिथे कोणाकोणाच्या हातून काय घडले ते त्याला तुकड्यातुकड्यांनी कळत जाते. इतर गेममध्ये हजार माणसे मारून जे समजत नाही, ते या एका गावात समजते. शूटर गेम ही कला होऊ शकते का, असे मला कोणी विचारले तर मी हेच गाव दाखवीन.

दुसरा प्रश्न शत्रूच्या चेहऱ्याचा. २००२ मध्ये अमेरिकेच्या सैन्याने स्वतःच्या खर्चाने, भरतीला मुले आकर्षित व्हावीत म्हणून, 'अमेरिकाज आर्मी' हा गेम फुकट वाटला. २०२२ मध्ये तो बंद झाला. त्यात एक विलक्षण क्लृप्ती होती : दोन्ही बाजूंच्या खेळाडूंना आपण अमेरिकन सैनिकच आहोत असे दिसे आणि समोरचा शत्रू. म्हणजे कोणालाही शत्रूच्या अंगात शिरण्याची वेळच येत नसे. याउलट २०१० च्या 'मेडल ऑफ ऑनर'मध्ये एका बाजूला तालिबान हे नाव दिले होते. गदारोळ झाला आणि नाव बदलून 'विरोधी दल' करावे लागले. नावाखेरीज काही बदलले नव्हते. अरबी पाट्या लावलेले, धुळीचे, माणसे नसलेले शहर हे या गेमचे ठरलेले नेपथ्य झाले आहे. तिथे राहणारी माणसे कुठे गेली हे कोणी विचारत नाही. भारतीय खेळाडू या नेपथ्याकडे कोणत्या नजरेने पाहतो? तो अमेरिकन नाही, अरबही नाही, आणि 'मॉडर्न वॉरफेअर ३'मध्ये हिमाचल प्रदेश दिसला तेव्हा त्याला तो आपला वाटला का? या संग्रहातले काही लेख याच प्रश्नाभोवती फिरतात.

आपल्याकडची गोष्ट खऱ्या अर्थाने सुरू होते ती स्वस्त डेटा आल्यावर. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले. आयर्लंडचा ब्रेंडन ग्रीन 'आर्मा'वर हौसेने जो प्रयोग करत होता, त्यातून दक्षिण कोरियात २०१७ मध्ये पीयूबीजी घडला, आणि २०१८ मध्ये त्याची मोबाइल आवृत्ती निघाली. शंभर माणसे विमानातून आठ किलोमीटर लांब-रुंद बेटावर उतरतात, हाताला लागेल ते शस्त्र उचलतात, आणि आवळत येणाऱ्या वर्तुळात शेवटपर्यंत टिकतो तो जिंकतो. कॉम्प्युटर घेण्याची ऐपत नसलेल्या घरात हा खेळ फोनवरून शिरला. आधीचे सगळे गेम शहरांचे आणि होस्टेलांचे होते, हा पहिला गेम वाड्यावस्त्यांचा झाला. मार्च २०१९ मध्ये गुजरातेत राजकोटला पोलिसांनी त्यावर बंदी घातली आणि खेळणाऱ्या मुलांना अटकही केली. गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीनंतर २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲप बंद केली, त्यात तो गेला. २ जुलै २०२१ ला बीजीएमआय या नव्या नावाने आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा दुकानांतून हटला, मे २०२३ मध्ये परतला. दरम्यान 'फ्री फायर' या तशाच गेमवरही बंदी आली. एका गेमचे नशीब परराष्ट्र धोरणाशी असे बांधले गेल्याचे उदाहरण जगात क्वचितच सापडेल.

बीजीएमआयच्या भारतीय अवताराकडे बारकाईने पाहावे. रक्त लाल ठेवले नाही, हिरवे केले. 'किल'च्या जागी 'फिनिश' आले. हे सगळे आभासी जगात घडते आहे असे वारंवार सांगितले जाते. अठराच्या आतल्या मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली. मर्यादा मला योग्य वाटते. रंग बदलण्याचा उपाय वरवरचा वाटतो, कारण मुलावर परिणाम करते ते रक्ताचा रंग नव्हे, रँक घसरण्याची भीती आणि नव्या पोशाखासाठी खर्चायचे पैसे. जागतिक आरोग्य संघटनेने खेळण्यावरचा ताबा सुटणे हा विकार म्हणून २०१९ मध्ये मान्य केला, पण त्याची व्याख्या कडक आहे : झोप, काम, नाती मोडीत निघूनही दीर्घकाळ थांबता न येणे. रोज रात्री दोन सामने खेळणारा कामगार त्यात बसत नाही, आणि बसणाऱ्याला ओरडण्याने नव्हे, डॉक्टरांकडे नेण्याने मदत होते.

गेम घडवण्यातही आपण मागे नाही. २६ जानेवारी २०२१ ला आलेला 'फौजी' हा गेम गलवानवर होता आणि त्याच्या पहिल्या रूपात हाणामारी होती, बंदूक नव्हती. गलवानच्या झटापटीत गोळी चालली नव्हती, त्यामुळे हा निर्णय त्या गेमचा सर्वांत खरा भाग होता. त्याचेच बहुखेळाडू रूप पुण्याच्या डॉट नाइन गेम्सने केले आणि ते २०२५ मध्ये आले. पुण्याच्याच सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'इंडस' काढला, पण त्याने काळ भविष्यातला निवडला. आजचा भारत, आजची फौज, आजची आपली माणसे यांवर धीराने आणि जबाबदारीने रचलेला गेम अजून व्हायचा आहे. विळद घाटात आज कोडिंग शिकणाऱ्या मुलांपैकी कोणी तो करावा.

हे पुस्तक आताच का, याचे एक तातडीचे कारण आहे. 'आर्मा ३'मधल्या चित्रफिती खऱ्या युद्धाच्या म्हणून जगभर फिरतात. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर तो प्रकार इतका वाढला की २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये खुद्द बोहेमियाने निवेदन काढून अशी फीत कशी ओळखावी ते सांगितले. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत आपल्या व्हॉट्सॲपवरही गेममधली विमाने पडताना दिसली आणि सुशिक्षित माणसांनी ती पुढे पाठवली. अशाच एका रात्री नागापूरच्या खोलीतल्या मुलांनी तसली फीत पाहताक्षणी ओळखली : धूर ठरावीक आकारात पुन्हा पुन्हा उठतो, माणसे जवळून दिसत नाहीत, कॅमेरा मुद्दाम हलवलेला असतो. ज्यांना आपण वेळ वाया घालवणारे म्हणतो, त्यांची नजर या एका बाबतीत आपल्यापेक्षा तयार निघाली. युद्धाची प्रतिमा वाचता येणे ही यापुढे नागरिकाची गरज आहे.

दुसरे कारण कायद्याचे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्सला क्रीडा म्हणून मान्यता दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याने पैसे लावून खेळायचे गेम बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला वेगळे ठरवले. पण घराघरात अजून रमी, सट्टा आणि बीजीएमआय एकाच टोपलीत टाकले जातात. ती टोपली वेगळी करायला हवी.

या पुस्तकात काय आहे आणि काय नाही, तेही स्पष्ट सांगतो. इथे नेम कसा सुधारावा, कोणती बंदूक घ्यावी याची शिकवणी नाही. गेम चांगले की वाईट असा निवाडाही कोणी दिलेला नाही. इथे खेळणारे, खेळ सोडलेले, गेम घडवणारे, फौजेतून निवृत्त झालेले आणि खेळणाऱ्यांचे पालक यांनी एकेक गेम किंवा एकेक प्रश्न हातात घेऊन तो आतून उलगडला आहे. आवाज ओळखला जाऊन शेरे ऐकावे लागतात म्हणून माइक बंद ठेवून खेळणाऱ्या मुलींनी लिहिलेला भाग मी आग्रहाने मोठा ठेवला आहे, कारण सहकार्याचा एवढा सुंदर खेळ निम्म्या जगासाठी मुका असावा हे मला सहन होत नाही. लेखकांची मते एकमेकांशी जुळत नाहीत आणि ती जुळवण्याचा प्रयत्न संपादक म्हणून मी केलेला नाही. नॉक, रश, कॅम्प, लूट, पिंग हे खेळणाऱ्यांचे शब्द आहेत तसेच ठेवले आहेत. अर्थ शेवटच्या पानांवर दिले आहेत.

लष्करी हद्दीविषयी एक खबरदारी सर्व लेखकांनी पाळली आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये बोहेमियाच्या दोघा कर्मचाऱ्यांना ग्रीसच्या लेम्नोस बेटावर लष्करी ठिकाणांची छायाचित्रे काढल्याच्या आरोपावरून अटक झाली आणि जामीन मिळेपर्यंत चार महिन्यांहून अधिक काळ ते कोठडीत राहिले. ज्या बेटावर 'आर्मा ३' बेतला होता, तेच हे बेट. नगरसारख्या शहरातून लिहिताना या गोष्टीचे भान सुटू नये. म्हणून इथे छावणीचे, रेंजचे वा कोणत्याही लष्करी ठिकाणाचे एकही छायाचित्र नाही, आणि वर्णनही सगळ्यांना ठाऊक आहे तेवढेच आहे.

पालकांना माझी एक विनंती आहे. हे पुस्तक वाचण्याआधी एकदा मुलाच्या शेजारी पूर्ण सामना बसून पाहा. मधे बोलू नका. संपल्यावर त्याला विचारा, तू कोणाला उचलायला गेलास आणि का. आणि खेळणाऱ्यांना विनंती अशी की, तुम्हाला या गेममधले जे कळते ते मराठीत लिहा. दोन पाने लिहा, चुकत लिहा, पण स्वतःच्या खेळाविषयी लिहा. पुढच्या आवृत्तीत त्यासाठी जागा राखून ठेवली आहे.